अलार्म वाजला नाही, याचं उत्तर कोण देणार? केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. सहाव्या वर्षी टाइप वन मधुमेह निघाला, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. तेव्हापासून रोज चार वेळा इन्सुलिन. दीड वर्षापूर्वी तिच्या दंडावर सेन्सर बसवला. शुगरचा आकडा सारखा मोबाईलवर येतो, ७० च्या खाली गेली की अलार्म होतो. गेल्या मंगळवारी रात्री तो झालाच नाही. पहाटे पाणी प्यायला उठले म्हणून तिला हात लागला. अंथरूण घामानं चिंब, हाकेला ओ नाही. बोटाला टोचून पाहिलं तर ४१. हिरड्यांना मध चोळत राहिले, हे गाडी आणायला पळाले. मी उठलेच नसते तर? पुढचं मला लिहवत नाही.

नंतर कळलं की मोबाईल आदल्या रात्री आपोआप अपडेट झाला आणि अ‍ॅपच्या सूचना बंद पडल्या. कंपनीच्या हेल्पलाइनवर दुपारी माणूस मिळाला, तोही इंग्रजीतून बोलणारा. म्हणे सेटिंग तपासणं ही ग्राहकाची जबाबदारी. साहेब, नेमक्या याच धोक्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, फेब्रुवारी २०२५ मध्येच तिथल्या रुग्णांना सावध केलं होतं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं, सॉफ्टवेअरसुद्धा, औषधांच्या कायद्याखाली आहेत. मग माझ्या डॉक्टरांपर्यंत, मेडिकलवाल्यापर्यंत मराठीतला एक कागद का आला नाही? उपकरणांच्या तक्रारी नोंदवायची सरकारी योजना २०१५ पासून चालू आहे, हे मला लेक मरता मरता वाचल्यावर समजलं.

गेल्या वर्षी शिबिरात आम्हाला सांगितलं, ‘रुग्णांनी आपल्या उपचारात सहभागी व्हा.’ आकडे थेट डॉक्टरांना दिसतील, गडबड दिसली की नर्सचा फोन येईल, असा शब्द दिला होता. एकही फोन आला नाही. आम्ही मात्र सहभागी झालो. मी रोजचे आकडे वहीत उतरवते, भाकरी मोजून वाढते. तपासणीला गेल्यावर आलेख दाखवायला मोबाईल काढते, तोवर पुढचा नंबर पुकारतात. माझ्या पोरीच्या रक्ताचा हिशेब कंपनीच्या कॉम्प्युटरला ठाऊक आहे, तिच्या डॉक्टरांना नाही.

शाळेत मोबाईल ऑफिसच्या कपाटात ठेवावा लागतो. तिथून वर्गापर्यंत ब्लूटूथ पोचत नाही, म्हणजे पाच तास सेन्सर असून नसल्यासारखा.

आणि पैसे? एक सेन्सर चौदा दिवस चालतो, आम्हाला पाच हजारांच्या आसपास पडतो. वर्षाला सव्वीस. सव्वा लाखाच्या वर गेलं की नाही? २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतींना सरकारनं लगाम घातला, मग लेकरांच्या सेन्सरला का नाही? की टाइप वनची पोरं मोर्चा काढत नाहीत म्हणून?

कार्ड काढा, अ‍ॅप घ्या, ओटीपी सांगा, चौदा आकडी आरोग्य क्रमांक पाठ करा. आमच्याकडून सगळं मागून झालं. पण यंत्र चुकलं की कंपनी मोबाईलवर ढकलते, दवाखाना कंपनीवर, सरकारी ऑफिस दवाखान्यावर. सगळी यंत्रणा अशीच चालली आहे, आणि शेवटी जागं राहायचं कुणी? आईनं.

चोवीस तास मराठीत बोलणारा माणूस द्या. अलार्म बंद पडला तर तो बंद पडलाय हे ओरडून सांगणं कंपन्यांना सक्तीचं करा. शाळांना लेखी आदेश काढा. किमती खाली आणा.

तोवर मी जुन्या घड्याळात दीडचा आणि साडेतीनचा गजर लावते आहे. आजही लावलाय.

एक आई,
मंगळवेढा