बुधवारी रात्री नऊ वाजता

वॉकीगन, इलिनॉय
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई व तीर्थरूप बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, की दिवसभर प्रयोगशाळेत उभे राहून आल्यावर, एक पैसाही न मिळणाऱ्या रेडिओच्या कामासाठी तू थंडीवाऱ्यात रात्रीची बाहेर कशाला पडतेस. मी ‘हौस म्हणून’ असे काहीतरी बोलून विषय बदलला, आणि फोन ठेवल्यावर ते उत्तर माझे मलाच लबाडीचे वाटले. हौस आहेच, पण साडेतीन वर्षे दर बुधवारी नुसत्या हौशीवर कोणी बर्फ उकरून गाडी बाहेर काढत नाही. फोनवर आपले बोलणे गोळ्या, रक्तदाब आणि नळाचे पाणी यांतच संपते, म्हणून हे सविस्तर पत्र लिहिते आहे.

आमचे रेडिओ केंद्र एका चर्चच्या तळघरात आहे. दोन खोल्या, एक मिक्सर, दोन माइक आणि भिंतीला लावलेले अंड्यांच्या ट्रेसारखे फोम. त्याची शक्ती शंभर वॅट, म्हणजे आपल्या माजघरात पूर्वी जो पिवळा दिवा लागत असे तेवढी. एवढ्या शक्तीवर आवाज साधारण साडेपाच किलोमीटरपर्यंत नीट जातो. घरी परतताना माझ्यानंतरच्या निवेदकाचा आवाज रेल्वेच्या फाटकापाशी खरखरू लागतो आणि पुलापलीकडे शिकागोचे एखादे मोठे केंद्र त्याला गिळून टाकते. अशा लहान, बिनव्यापारी केंद्रांना परवाने देण्याचे येथील सरकारने २००० साली ठरवले, तेव्हा मोठ्या केंद्रांनी बरीच कुरकुर केली होती; शहरांमधून त्यांना खरी वाट मिळाली ती २०११ च्या कायद्यानंतर. आई, म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे ना, जी तू मावशीकडे गेलीस की ऐकतेस, तिच्याच जातकुळीतले आमचे केंद्र आहे असे समज.

बुधवारी रात्री नऊ ते दहा हा तास माझा असतो. त्यात मी स्वतंत्र बँडांचे संगीत लावते, म्हणजे ज्यांच्यामागे कोणतीही बडी कंपनी नाही अशांचे, आणि त्यातही मुख्यतः ‘पॉवर पॉप’ या प्रकारचे. बाबा, ‘हे पॉवर पॉप म्हणजे काय दांडगाई आहे’ असे तुम्ही विचारले होते. हा शब्द ‘द हू’ या इंग्रज बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७ साली स्वतःच्याच संगीताविषयी बोलताना वापरला. बीटल्ससारखी सहज गुणगुणता येणारी चाल आणि दोन-तीन गळ्यांचा एकत्र स्वर, ‘बर्ड्‌स’ या कॅलिफोर्नियाच्या बँडने गाजवलेली बारा तारांच्या गिटारची किणकिण, आणि या सगळ्याच्या खाली ‘द हू’सारखा ढोलाचा आणि गिटारचा दणका, असे हे मिश्रण आहे. दणका कितीही असला तरी चाल हरवता कामा नये, आणि बहुतेक गाणी तीन-साडेतीन मिनिटांत आटोपली पाहिजेत. ही तीन मिनिटे मला लहानपणापासून ओळखीची होती, हे मला फार उशिरा कळले. तुमच्या कपाटातल्या त्या काळ्या, पडली की फुटणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढीच जागा असायची, आणि आपले भावगीत त्या जागेच्या मापानेच शिवले गेले: छोटा वाद्यमेळ, मुखडा, दोन किंवा तीन अंतरे, आणि मुखड्यावर परत. ज्याला तानांचा विस्तार करायचा असेल त्याने मैफलीत करावा. मी पहिल्यांदा हे अमेरिकन संगीत ऐकले तेव्हा भाषा, वाद्ये, ओरडा, सगळे परके होते, पण कानाने ती बांधणी लगेच ओळखली.

आता बाबांच्या ‘कशाला’ या प्रश्नाकडे वळते. त्याचे उत्तर देण्यासाठी मला मेंफिस या गावातल्या ‘बिग स्टार’ नावाच्या बँडची हकिकत सांगावी लागेल.

त्यांच्यातला ॲलेक्स चिल्टन सोळा वर्षांचा असतानाच ‘बॉक्स टॉप्स’ या दुसऱ्या बँडचा गायक म्हणून देशभर गाजला होता. १९६७ मधले त्याचे ते गाणे दोन मिनिटांहूनही लहान होते, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले होते, आणि गंमत म्हणजे ते एका पत्राविषयीचे होते. पुढे १९७१ च्या सुमारास तो क्रिस बेल आणि आणखी दोघांना जाऊन मिळाला. आर्डेंट या स्टुडिओजवळ ‘बिग स्टार’ नावाच्या किराणा दुकानांच्या साखळीतले एक दुकान होते, त्याच्या पाटीवरून त्यांनी बँडचे नाव घेतले. १९७२ साली त्यांची पहिली, अनेक गाण्यांची मोठी तबकडी निघाली आणि तिचे नाव त्यांनी ‘नंबर वन रेकॉर्ड’ असे ठेवले. समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतले, पण ती दुकानांपर्यंत पोचलीच नाही. वितरणाचे काम स्टॅक्स या कंपनीकडे होते. तिचा हातखंडा सोल या कृष्णवर्णीयांच्या संगीतात, आणि रॉकची तबकडी कोणत्या दुकानदाराच्या गळ्यात घालावी हे तिला नीट उमगत नव्हते. त्यातच ते वितरण कोलंबिया या अवाढव्य कंपनीकडे गेले आणि गोंधळात भर पडली. वर्तमानपत्रात स्तुती वाचून माणूस दुकानात जाई आणि रिकाम्या हाताने परत येई. खप दहा हजारांपर्यंतही गेला नाही असे सांगतात. बेल बँड सोडून गेला, आणि डिसेंबर १९७८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मोटारीच्या अपघातात वारला. १९७४ साली दुसरी तबकडी आली, तिचेही तेच झाले. तिसरी १९७४ मध्येच ध्वनिमुद्रित झाली आणि चार वर्षे पडून राहून १९७८ मध्ये बाहेर आली. त्यानंतर मात्र ज्या थोड्या हातांत या तबकड्या पडल्या होत्या, त्यांतले कितीतरी हात स्वतःच गिटार वाजवू लागले. ‘आर. ई. एम.’सारख्या पुढे जगभर गाजलेल्या बँडनेही हे ऋण उघडपणे मान्य केले आहे. चिल्टन मार्च २०१० मध्ये गेला. टेक्सासमधल्या एका मोठ्या संगीत महोत्सवात बिग स्टारचा कार्यक्रम अवघ्या काही दिवसांवर आला होता.

गाण्यात काहीही खोट नसताना, केवळ ट्रक वेळेवर न निघाल्यामुळे ते वर्षानुवर्षे मागे राहू शकते, ही गोष्ट मला अजून पचत नाही. हिच्या अगदी उलट गोष्ट आमच्याच राज्यातल्या रॉकफर्डच्या ‘चीप ट्रिक’ या बँडची आहे. त्यांची १९७८ च्या टोकियोतल्या कार्यक्रमाची तबकडी केवळ जपानसाठी काढलेली होती. पण येथल्या दुकानदारांनी ती आयात करून इतकी खपवली, की कंपनीला दुसऱ्या वर्षी ती अमेरिकेत काढावी लागली. तेव्हा कोणीतरी मध्ये उभे राहून गाणे पुढे सरकवले तर फरक पडतो. आमच्या शंभर वॅटनी किती पडतो, ते मला विचारू नका.

माझे सर्वांत लाडके लोक मात्र शेजारचे आहेत. वॉकीगनच्या उत्तरेला मिशिगन सरोवराच्या काठी झायन नावाचे गाव आहे. एका धर्मोपदेशकाने विसाव्या शतकाच्या आरंभी ते वसवले, आणि त्याच्या वारसाने १९२० च्या दशकात तेथे स्वतःचे रेडिओ केंद्र काढले. पृथ्वी सपाट आहे, हे तो त्यावरून मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असे. (माइकपुढे बसले की प्रत्येकाला असा आत्मविश्वास येतो, मलाही आला होता.) त्याच गावात जेफ आणि जॉन मर्फी हे भाऊ आणि त्यांचा मित्र गॅरी क्लेबी यांनी ‘शूज’ नावाचा बँड काढला. १९७७ साली त्यांनी घरातल्या बैठकीच्या खोलीत, चार ट्रॅकच्या टेपरेकॉर्डरवर, एक अख्खी तबकडी मुद्रित केली आणि तिच्या हजार प्रती स्वतःच काढल्या. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून की काय कोण जाणे, पण त्यांतले गाणारे आवाज कुजबुजल्यासारखे आहेत आणि गिटार मात्र मधमाश्यांचे पोळे उठल्यासारखी. पुढे एका मोठ्या कंपनीने त्यांना घेतले, काही वर्षांत सोडूनही दिले, आणि ते गावी परतून स्वतःचा स्टुडिओ चालवू लागले. मी त्यांचे गाणे लावते तेव्हा ते जिथे जन्मले त्या घराच्या दिशेनेच आमच्या लहरी निघतात, पण झायनपर्यंत पोचण्याआधीच दमतात.

आई, तू विचारलेस की पुढच्या वेळी काय लावणार ते आधी सांगत जा. तुला एकटीला सांगितले तर कोणी पकडायला येणार नाही. पण आम्ही इंटरनेटवरूनही प्रसारण करतो, म्हणून तर तुम्हाला साताऱ्यात ऐकू येते, आणि त्याच्या नियमांनुसार गाण्यांची यादी आधी जाहीर करता येत नाही. तीन तासांत एका कलावंताची चारांहून अधिक गाणी नाहीत, आणि एका तबकडीवरची तीनांहून अधिक नाहीत. मार्च २०२४ मध्ये क्लीव्हलंडच्या ‘रास्पबेरीज’ या बँडचा गायक एरिक कार्मेन वारला, तेव्हा त्याच्यासाठी संपूर्ण तास द्यावा असे माझ्या फार मनात होते. शेवटी त्याची चार गाणी लावली, आणि उरलेल्या वेळात त्याच्यासारखे गाऊ पाहणाऱ्या तरुण मुलांना बसवले. तो तास माझा मलाच आवडलेल्या मोजक्या तासांपैकी एक आहे.

दुसरा नियम शिव्यांचा. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात थोडी सूट असते, आणि माझा तास नेमका दहाला संपतो. त्यामुळे मुले स्वतःच्या खर्चाने काढून पाठवतात ती गाणी मला शेवटच्या शब्दापर्यंत आधी ऐकावी लागतात. हे काम मी पोळ्या लाटताना करते आणि शंका आली की पिठाच्या बोटांनी वहीत फुली मारते. वही तुझ्याच पद्धतीची आहे, आई, समासाची रेघ तांबड्या शाईने ओढलेली.

तुझ्याकडून मी आणखी एक गोष्ट उचलली आहे. तू रेडिओवरची भावगीते वहीत उतरून घेताना कवी, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे वर लिहीत असायचीस, कारण आकाशवाणीचे निवेदक ती तीनही सांगत. येथे बरेच निवेदक बँडचे नाव सांगून मोकळे होतात. मी प्रत्येक गाण्यानंतर ते कोणी लिहिले, कोणी गायले आणि कोणत्या गावात मुद्रित झाले, एवढे सांगते, आणि त्यापलीकडे जमेल तेवढी गप्प राहते. येथील रेडिओवर गाणे वाजले की गीतकाराला आणि संगीतकाराला मानधन जाते, पण गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला काहीच मिळत नाही. इंटरनेटवरच्या प्रसारणाचे मात्र मिळते. निदान नाव तरी हक्काने घ्यावे, असे मला वाटते.

चुका मी पुष्कळ केल्या. पहिल्याच महिन्यात माइकचा फेडर, म्हणजे आवाज वाढवणारी सरकपट्टी, वर करायला विसरून मी अर्धा मिनिट अतिशय सुंदर निवेदन केले, जे या जगात फक्त मी ऐकले. सर्वांत जड जाते ते वर्षातून दोनदा श्रोत्यांकडे वर्गणी मागणे. जाहिराती घ्यायला आम्हाला परवानगी नाही, आणि वीज फुकट मिळत नाही. बाबा, तुम्ही आयुष्यात कोणाकडे हात पसरला नाहीत, आणि तुमची मुलगी दहा-दहा डॉलरांसाठी आर्जव करते, हे ऐकून तुम्हाला कसे वाटेल, या विचाराने त्या आठवड्यात मी तुम्हाला ऐकू नका असे सांगत असे. आता खरे कारण सांगितले. पहिल्या वर्गणीच्या वेळी एका वृद्ध बाईंनी फोन करून पाच डॉलर देऊ केले आणि म्हणाल्या, की संगीत मला फारसे आवडत नाही, पण तू नावे व्यवस्थित सांगतेस.

बाबा, आता तुमच्याकडे एक काम आहे. कॉलेजात असताना मुंबईत शिमला सिगारेटवाल्यांनी भरवलेल्या बीट ग्रुपांच्या, म्हणजे गिटारवाल्या पोरांच्या बँडांच्या, स्पर्धेला तुम्ही मित्राच्या पासावर गेला होतात, असे तुम्ही एकदा ओझरते बोलला होतात. त्या स्पर्धेतल्या मुलांच्या १९७० आणि १९७१ अशा दोन तबकड्या निघाल्या होत्या, आणि त्या आता पुन्हा छापल्या गेल्या आहेत. शिलाँगची, मद्रासची मुले, साध्या गिटारी, आणि आवाजात तीच धडपड. येथील श्रोत्यांना असे काही भारतात होत होते हेच ठाऊक नाही. मला त्यातली दोन गाणी लावायची आहेत, आणि आधीच्या निवेदनासाठी तेथे प्रत्यक्ष बसलेला माणूस हवा आहे. किती गर्दी होती, पोरे कपडे कोणते घालून आली होती, ध्वनिवर्धक शिट्ट्या मारत होते का, तुम्हाला आवडले की तुम्ही मध्येच उठून आलात, जे आठवेल ते फोनमध्ये मराठीतच बोलून पाठवा. तुमचा आवाज मी तसाच लावीन आणि मागाहून इंग्रजीत अर्थ सांगेन.

येथे हिवाळ्यापुरती घड्याळे एक तास मागे गेल्यामुळे आता माझे नऊ म्हणजे तुमचे गुरुवारचे साडेआठ. पूर्वीसारखे साडेसातला लावलेत तर माझ्याआधीच्या गृहस्थांचा बागकामाचा कार्यक्रम ऐकू येईल. बाबांनी चहा घेताना फोन चार्जरला लावून ठेवावा, मध्येच बंद पडतो.

तुमची,
मनीषा