लिमाच्या कॅथेड्रलचं छत आणि आपला कुड

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत पेरू देशातल्या लिमाच्या कॅथेड्रलवर लेख आला, वाचून खूप बरं वाटलं. पण त्यात आतल्या छताला 'भव्य दगडी कमानी' म्हटलंय ते चुकलंय, आणि खरी गोष्ट नेमकी तिथंच आहे म्हणून लिहायला बसलो. ते छत दगडाचं नाहीच. लाकडाच्या फासळ्या, त्यावर बोरूसारख्या काड्या बांधलेल्या आणि वरनं मातीचा न् चुन्याचा गिलावा, एवढंच. तिकडं ह्याला किंचा म्हणतात, आपल्या पाटण-जावळीत कुड म्हणतात.

1535 ला पेरू जिंकणाऱ्या स्पॅनिश सरदारानं, पिझारोनं, लिमा वसवलं, सोळाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सिस्को बेसेरानं ह्या मोठ्या चर्चचा आराखडा केला, अगदी युरोपात असतं तसं जडच्या जड बांधकाम. पण ती जमीन हलणारी. 1609 ला भूकंप, 1687 ला भूकंप आणि मग 28 ऑक्टोबर 1746 च्या रात्री तर शहरच गेलं, तीनेक हजार घरांतली जेमतेम 25 उभी राहिली असं तेव्हाच्या लोकांनी लिहून ठेवलंय, शेजारचं कायाओ बंदर तर समुद्राच्या लाटेनं धुऊन नेलं. कॅथेड्रलचं छत बसलं, मनोरे पडले. परत बांधायची वेळ आली तेव्हा देखरेख हुआन रेर नावाच्या जेझुइट पाद्र्याकडं होती, आणि छत घातलं ते किंचाचं. स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून तिथली माणसं जी काडी-माती वापरत होती तीच राज्यकर्त्यांच्या सगळ्यात मोठ्या देवळाच्या डोक्यावर गेली. हलकं छत, धक्का बसला तर वाकतं, डुलतं, आणि वजनच कमी म्हणून भिंतींवर ओढ पण कमी येते. आकार मात्र जुन्या दगडी कमानींचाच ठेवला त्यामुळं खालनं बघणारा फसतो, तुमच्या लेखकांची त्यात काही चूक नाही.

पिझारोच्या हाडांवर लेखात भरपूर आहे, भलतीच ममी कित्येक वर्षं त्याची म्हणून दाखवली आणि 1977 ला कॅथेड्रलच्या तळघरात शिशाच्या पेटीत खरी कवटी सापडली, ते भारीच आहे. पण मला छतच मोठं वाटतं, कारण 11 डिसेंबर 1967 ची पहाट आमच्या घरात अजून सांगितली जाते. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या घराची दगड-मातीची पुढची भिंत अख्खी आत पडली, आणि मागं आजी झोपली होती तिथला कारवीचा, म्हणजे डोंगरातल्या कारवी झुडपाच्या काड्यांचा, कुड नुसता कलला. शेणमातीचं लिंपण गळून तिच्या पांघरुणावर पडलं, बस. आजी वाचली.

आता आमच्याकडं कुडाचं घर म्हणजे गरिबी असं झालंय, पोरांना लग्नासाठी स्लॅब दाखवावा लागतो, त्यांना मी दोष देत नाही. पण कारवी कधी तोडायची, काड्या कशा बांधायच्या, लिंपणात काय घालायचं हे माहीत असलेली माणसं सत्तरीच्या पुढं गेलीत, त्यांना कोणी विचारलेलं नाही. पुरवणीत ह्याच्यावर एक लेख करा अशी मनापासून विनंती आहे. आमच्या गावात अशी दोनच घरं उरलीत, त्यातलं एक दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय, फोटोग्राफर पाठवणार असाल तर त्याच्या आधी पाठवा, मी स्वतः सोबत येतो.

आपला,
एक नियमित वाचक, ता. पाटण, जि. सातारा