मंडळाचा आदेश आहे, पण मुलाला पाठवायचे कुठे?

प्रति,
मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी किशोरवयीन मुलांचे समुपदेशन करतो. गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांची प्रकरणे चालवणाऱ्या बाल न्याय मंडळापुढे मोबाइलचोरी किंवा मारामारीच्या प्रकरणात येणाऱ्या अनेक मुलांशी बोलताना व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन, नशेच्या गोळ्या किंवा गांजा यांचा विषय निघतोच. चोरी कशासाठी केली, याचे उत्तर बऱ्याचदा तिथेच असते. मंडळाने चोरीचा निकाल दिला तरी नशा मागे उरते आणि तोच मुलगा पुन्हा मंडळापुढे उभा राहतो.

कायदा याबाबत मुका नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 18 नुसार मंडळ मुलाला व्यसनमुक्ती कार्यक्रमात जाण्याचा आदेश देऊ शकते. कलम 93 मध्ये व्यसनी मुलाला उपचारासाठी हलवण्याची तरतूद आहे. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला कलम 77 खाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. अडचण सुरू होते ती आदेशावर सही झाल्यानंतर. प्रकरण चालू असताना मुलाला जिथे ठेवतात ते निरीक्षणगृह आपल्या विभागाकडे, व्यसनमुक्ती केंद्रे सामाजिक न्याय विभागाच्या कक्षेत आणि मानसोपचारतज्ज्ञ आरोग्य विभागाच्या रुग्णालयात. मधल्या मध्ये मुलावर देखरेख ठेवणारे परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) फोन करत बसतात. “अठराच्या आतला आम्ही घेत नाही,” हे उत्तर मी किती वेळा ऐकले आहे! आणि एखाद्या केंद्राने घेतलेच, तर पंधरा वर्षांच्या पोराची खाट चाळिशीतल्या माणसांच्या शेजारी पडते. व्हाइटनर हुंगणारा मुलगा तिथून एमडी (मेफेड्रोन) आणि गर्द (ब्राउन शुगर) असे जहाल अमली पदार्थ कुठे मिळतात हे शिकून बाहेर येऊ शकतो.

मुलांचे व्यसन म्हणजे मोठ्यांच्या व्यसनाची लहान आवृत्ती नव्हे. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के आढळले. हुंगण्याचे व्यसन सोडवणारे खास औषध नाही. समुपदेशकाशी जुळलेले नाते, घरच्यांचा सहभाग, शाळा किंवा हाताला काम आणि जुन्या टोळक्यापासून अंतर, हाच तिथला उपचार. तो एकवीस-तीस दिवसांच्या मुक्कामात संपत नाही; खरी परीक्षा मुलगा वस्तीत परतल्यावर सुरू होते. आई दिवसभर धुणीभांडी करते, बाप स्वतः पितो, अशा घरात मुलाला एकट्याला बरा करून पाठवणे मला अशक्य वाटते. उपचार घरापर्यंत पोचलाच पाहिजे.

अमेरिकेत 1990 च्या दशकापासून किशोरवयीनांसाठी स्वतंत्र अमली पदार्थ न्यायालये चालतात. त्यांचे सरसकट यश दिसले नाही, आणि आपल्यासाठी धडा नेमका तोच आहे. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटनच्या 2006 च्या अभ्यासात नेहमीच्या कौटुंबिक न्यायालयापेक्षा अशा न्यायालयातल्या मुलांची नशा अधिक कमी झाली. घरी जाऊन कुटुंबासह केलेल्या उपचारांची जोड मिळाली तेव्हा नशेबाबतचे निकाल आणखी सुधारले. म्हणून मी आपल्याकडे नवे न्यायालय मागत नाही. आपले मंडळ त्या कामासाठी पुरेसे आहे. त्यात न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, ही तर जमेची बाजू. त्याच्या हाती उपचारांची सोय तेवढी द्या.

प्रत्येक महसुली विभागात किमान एक, फक्त मुलांसाठीचे उपचार केंद्र हवे. मुलींसाठी स्वतंत्र व्यवस्था हवी. त्यांच्या व्यसनाबद्दल तर कोणी बोलतही नाही. परिविक्षा अधिकारी पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल देतात, त्यात प्रशिक्षित समुपदेशकाने केलेली व्यसनाची तपासणी जोडलेली असावी. मुलाने समुपदेशकाला सांगितलेली गोष्ट त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार नाही, अशी लेखी हमी द्या. नाहीतर कोणता मुलगा खरे बोलेल? घरभेटीसाठी परिविक्षा अधिकाऱ्यांना प्रवासखर्च आणि वेळ द्या.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. सुधारत असलेला मुलगा एखाद्या दिवशी घसरला, तर तो मंडळाच्या आदेशाचा भंग समजून त्याला पुन्हा निरीक्षणगृहात टाकू नका. घसरण हा या आजाराचा भाग आहे. अशा वेळी उपचार वाढवावे लागतात. शिक्षेच्या भीतीने मुलगा लपवतो, आणि लपवलेल्या नशेपर्यंत आम्ही पोचूच शकत नाही.

मुलांमधील व्यसनाबाबत राष्ट्रीय कृती आराखडा करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2016 रोजीच केंद्राला सांगितले होते. पुण्यात 1986 पासून काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती संस्थेचा अनुभव आपल्याच राज्यात आहे. तेव्हा महिला व बालविकास, सामाजिक न्याय आणि आरोग्य या तिन्ही विभागांच्या सचिवांना एका टेबलावर बसवा, आणि मंडळाचा आदेश निघाल्यावर मुलाची जबाबदारी कोणाची, किती दिवसांत आणि कोणत्या निधीतून, हे सांगणारा संयुक्त शासन निर्णय येत्या हिवाळी अधिवेशनापूर्वी काढा. मसुद्यासाठी परिविक्षा अधिकारी, मंडळाचे सदस्य आणि या मुलांचे पालक यांना बोलवा. मीही येईन.

आपला विश्वासू,
किशोरवयीन मुलांबरोबर काम करणारा एक समुपदेशक