जांभ्याच्या भिंतीला सिमेंट नको

संपादक महोदय,

जुनी शाळा, पडीक कचेरी, बंदरावरची वखार किंवा गावचे वाचनालय दुरुस्त करून तिथे कलाकेंद्र करावे, ही मागणी कोकणात ठिकठिकाणी होते आणि ती रास्तच आहे. दशावतार, नमन, जाखडी या लोककलांना पावसाळ्यात तालमीसाठी कोरडी जागा मिळणे मुश्कील असते. पण निधी मंजूर झाला की अंदाजपत्रकात बहुधा ‘जुना गिलावा काढून सिमेंटचा गिलावा करणे’ ही बाब येते, आणि इमारतीचे खरे नुकसान तिथून सुरू होते.

जांभा सच्छिद्र दगड आहे. रत्नागिरीत वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे दीड-दोन फूट जाडीची भिंत ओली होणारच. ती पुन्हा वाळते की नाही, एवढाच प्रश्न असतो. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटमधून ती पडत नाही. उलट सिमेंटला बारीक भेगा जातात, त्यातून झडीचे पाणी आत शिरते आणि अडकून राहते. खाऱ्या हवेतले, वाळूतले मीठ त्या ओलीबरोबर फिरते आणि गिलाव्यामागे त्याचे स्फटिक होऊन चिऱ्याचा पापुद्रा सोलतात. अशा भिंतीवर बोटाने टकटक केली तर पोकळ आवाज येतो. गिलावा उचकटला तर त्याला चिकटून दोन बोटे जाडीचा दगडही येतो आणि मागे हाताने खरवडता येईल अशी लाल भुकटी उरते. प्लास्टिक पेंट आणि ऑइल पेंटही हेच करतात.

म्हणून सिमेंट काढायचे ते छिन्नी-हातोडीने. ब्रेकर मशीन लावले तर चांगला चिराही फुटतो. वर आलेले मीठ कोरड्या ब्रशने झाडावे. धुतले तर ते विरघळून परत आत जाते. मग भिंत एक उन्हाळा उघडी ठेवून वाळू द्यावी. या थांबण्याला निविदेत जागाच नसते, आणि घाईने केलेला नवा गिलावा एकदोन पावसाळ्यांत फुगतो.

चुना कळीचा घ्यावा आणि निदान 15 दिवस, जमल्यास महिनाभर पाण्यात विरवावा. नीट न विरलेली कणी गिलाव्यात राहिली तर नंतर फुलते आणि तिथे पोपडा उडतो. एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग धुतलेली नदीची वाळू पुरे. समुद्राची वाळू कितीही धुतली तरी वापरू नये. ओल जास्त असेल तिथे वाळूतला काही भाग काढून सुरकी, म्हणजे विटांची भुकटी, घालावी. एका थराची जाडी 10 ते 12 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक थर गोणपाटाखाली आठवडाभर तरी दमट ठेवावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होतो, म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावे. निधी 31 मार्चपर्यंत खर्ची टाकायचा म्हणून फेब्रुवारीत कार्यादेश निघतो, एप्रिल-मेच्या कडक उन्हात गिलावा भराभर वाळून तडकतो आणि उरलेले काम जूनमध्ये पावसात सापडते. कार्यादेश पावसाळा संपण्याआधी निघाला पाहिजे.

त्याही आधी जोते बघा. रस्त्यावर दरवर्षी डांबराचा थर चढतो आणि जुन्या इमारतीचे जोते बघता बघता रस्त्याच्या पातळीला येते. मग भिंतीला कितीही महाग रसायन लावा, ओल खालून चढतच राहते. भिंतीलगतची भराव माती मूळ पातळीपर्यंत खाली घ्यावी, दोन फूट रुंद चर काढून खडी भरावी आणि पाणी उताराने गटाराला सोडावे. चर पायाच्या तळाखाली जाऊ देऊ नये.

छपराचे काम गिलाव्याच्या आधी. वासे आणि तुळया मधोमध क्वचित कुजतात. भिंतीत गेलेले टोक मात्र कुजते, कारण त्याला वारा लागत नाही. टोकापुरते लाकूड कापून त्याच जातीचा जोड द्यावा, त्याला बोरॅक्स-बोरिकचे द्रावण द्यावे आणि बसवताना भोवती अर्धा इंच फट ठेवावी. अख्खी तुळई बदलण्याची गरज फार थोड्या वेळा पडते. मंगळुरी कौलाला मागे कान असतो आणि त्याला तार ओवायला भोक असते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तरी हे भोक रिकामे ठेवू नये. वळचणीच्या, कडेच्या आणि आढ्यालगतच्या दोन-तीन ओळींतली कौले 316 प्रतीच्या स्टेनलेस तारेने रिपेला, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीला, बांधावीत, कारण वाऱ्याचा उपसा तिथेच सर्वांत जास्त असतो. साधी लोखंडी तार खाऱ्या हवेत टिकत नाही. कौलांऐवजी पत्रा घालू नये. जुलैतल्या सरीत पत्र्याखाली संवाद ऐकूच येणार नाहीत.

माडीवर नाचाची तालीम ठेवण्याचा मोह टाळावा. भारतीय मानकात घराच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात, तर खुर्च्या पक्क्या नसलेल्या सभागृहासाठी 500 किलो. राहण्यासाठी किंवा कचेरीसाठी बांधलेली लाकडी माडी जाखडीच्या ठेक्याला पुरी पडेल असे गृहीत धरू नये. तळमजल्यावर प्रयोग आणि माडीवर कार्यालय व साठवण, ही वाटणी बरी.

आवाजाचा विचारही आधीच करावा. 18 मीटर लांब, 9 रुंद आणि सरासरी साडेपाच मीटर उंच दालन म्हणजे सुमारे 890 घनमीटर. त्यात संवाद स्पष्ट ऐकू यायला घुमण्याचा काळ, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, एक सेकंदाच्या आसपास हवा, आणि त्यासाठी आवाज पूर्ण शोषणाऱ्या सुमारे 143 चौरस मीटर पृष्ठभागाइतके शोषण लागते. 150 प्रेक्षक त्यातले साधारण निम्मेच देतात. बाकीचे जाड पडद्यांतून आणि आग रोखण्याची प्रक्रिया केलेल्या काथ्याच्या पट्ट्यांतून मिळवता येते. हे पट्टे भिंतीवर चिकटवू नयेत, लाकडी चौकटीत दोन इंच सोडून उभे करावेत, नाहीतर मागे बुरशी धरते.

पिंगुळीची चित्रकथी (कथा सांगताना दाखवायची कागदावरची चित्रे), चामड्याच्या बाहुल्या, सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) ठेवायची असतील तर बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट चालणार नाही. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांवर राहिली की कागद आणि कातड्याला बुरशी येते, आणि कोकणात पावसाळाभर ती त्याहून वरच असते. माडीवरची मधली खोली निवडावी, कपाट भिंतीपासून सहा इंच दूर ठेवावे आणि दमट हवा ओढणाऱ्या यंत्राचा वीजखर्च वार्षिक तरतुदीत धरावा.

स्वच्छतागृहे, रंगपटाची खोली, जनरेटर यांना नवे बांधकाम लागतेच. ते जुन्या भिंतीला जोडू नये. नवा पाया खचतो, जुना बहुतेक खचून स्थिरावलेला असतो, आणि सांध्यात भेग पडून नेमके तिथूनच पाणी शिरते. आठ-दहा फूट मोकळी जागा सोडून, जुन्या वळचणीपेक्षा बुटके, वेगळ्या पायावर बांधावे आणि मध्ये हलका मांडव घालावा. रॅम्प एकास बाराच्या उतारापेक्षा चढा नको. बाहेर उघडणारे दोन दरवाजे हवेतच. किनाऱ्यालगत किंवा खाडीकाठी जागा असेल तर आराखडा काढण्याआधी सीआरझेडची, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारी क्षेत्राची, रेषा तपासून घ्यावी.

पालकमंत्री, नगराध्यक्ष, सरपंच आणि बांधकाम विभागाला विनंती आहे की निविदेत चुन्याचे काम स्वतंत्र बाब म्हणून लिहावे. ठेकेदाराकडून आधी एक चौरस मीटर नमुना करून घ्यावा आणि तो महिनाभर पाहूनच पुढचे काम सोपवावे. दर मे महिन्यात कौले परतण्याचा आणि पन्हळी साफ करण्याचा खर्चही मंजुरीच्या कागदातच असावा.

आपले,
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करणारे काही गवंडी, सुतार आणि वास्तुविशारद, रत्नागिरी