सिस्टर, बाबांना घरी सांभाळायला तुम्ही आम्हाला शिकवलंत

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

बाबांची तब्येत आता बरीच सावरली आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसले. तुमचे आभार चारचौघांत मानतेय, कारण तुम्ही जे काम केलंत ते डिस्चार्ज समरीत कुठेच सापडत नाही. तिथे निदान आहे, तपासण्यांचे रिपोर्ट आहेत, औषधांची यादी आणि डॉक्टरांची सही आहे. पेशंटला घरी नेल्यावर घरच्यांचे हात चालावेत म्हणून कुणी किती कष्ट घेतले, याची त्यात एक ओळही नाही. ती मी इथे लिहिते.

स्ट्रोकनंतर बाबांना आयसीयूतून तुमच्या वॉर्डात आणलं तेव्हा त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती, नाकातून पोटात नळी होती आणि लघवीसाठी कॅथेटर होता. यातून ते उठतील का, एवढाच विचार आमच्या डोक्यात होता. त्याच संध्याकाळी तुम्ही आईला विचारलंत, "घरी रात्री यांच्याजवळ कोण झोपणार?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. घरी जायची गोष्ट तोवर कुणी काढलीच नव्हती. तुम्ही सांगितलंत की डिस्चार्जची तयारी पेशंट दाखल होतो तेव्हापासूनच सुरू करायची असते. शेवटच्या दिवशी घाईघाईत सगळं सांगितलं की घरी पोचेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं, आणि उरलेल्या निम्म्यात गोंधळ होतो.

मग रोज तुमचा एखादा प्रश्न असायचा. पलंगाची उंची किती? बाबा कडेला बसले तर दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील ना? पलंगापासून बाथरूमपर्यंतचा रस्ता मोबाइलवर शूट करून आणा. तो व्हिडिओ तुम्ही थांबवून थांबवून बघितलात. वाटेतलं पायपुसणं उचलायला सांगितलंत, रात्रभर मंद दिवा ठेवायला सांगितलात, आणि मग बाथरूमच्या दाराशी थांबलात. ते आत उघडणारं होतं. "आत पेशंट पडला आणि दाराला अडकला, तर बाहेरून ढकलणार कसं?" बाबा स्वतः उभे राहायच्या कितीतरी आधी आम्ही ते दार बाहेर उघडेल असं करून घेतलं. इतकी वर्षं त्या घरात राहून हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

औषधांबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय. तुम्ही म्हणालात, "घरात असतील नसतील ती सगळी औषधं घेऊन या. चालू असलेली, बंद केलेली, अर्धवट राहिलेली, अंगदुखीची, झोपेची, सगळी." मी पिशवी भरून आणली. जेवणाच्या ट्रॉलीवर तुम्ही एकेक पट्टी मांडलीत, शेजारी नव्या औषधांची यादी ठेवलीत आणि मला वाचायला बसवलंत. ब्रँडचं मोठं नाव वाचायचं नाही, त्याच्या खालची बारीक अक्षरं, म्हणजे औषधाचं मूळ नाव, वाचायचं. बाबांची रक्तदाबाची जुनी गोळी आणि हॉस्पिटलात सुरू झालेली नवी गोळी यांची नावं वेगळी, रंग वेगळा, कंपनी वेगळी. बारीक अक्षरांत दोन्हींवर एकच शब्द होता, ऍम्लोडिपिन. घरी आम्ही दोन्ही दिल्या असत्या, तेही अगदी वेळेवर, न चुकता. दुप्पट डोस पोटात गेला की रक्तदाब खाली येणार, उभं करताना चक्कर येणार आणि माणूस पडणार. त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला माणूस डोक्यावर पडला तर काय होऊ शकतं, हे तुम्ही न घाबरवता पण स्पष्ट सांगितलंत. त्याच कारणासाठी पिशवीतली आयब्युप्रोफेनची पट्टी बाजूला काढलीत. रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ती घेतली तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. अंग दुखलं म्हणून ती आम्ही सहज दिली असती.

नळीतून द्यायच्या म्हणून सगळ्याच गोळ्या कुटायच्या नसतात, हेही आम्हाला तुमच्याकडूनच कळलं. ज्या गोळीतून औषध दिवसभर हळूहळू सुटायला हवं ती कुटली तर सगळं औषध एकदम अंगात जातं. आतड्यात विरघळावी म्हणून वरून थर दिलेली गोळी कुटली की तो थर फुकट जातो. यादीतली एक गोळी अशीच निघाली. तुम्ही तिथूनच डॉक्टरांना फोन लावलात आणि ती बदलून घेतलीत. मग प्रत्येक गोळी वेगळी बारीक करायची, वेगळी पाण्यात मिसळायची, आधी आणि नंतर नळीत साधं पाणी सोडायचं, हे माझ्याकडून करून घेतलंत.

घरी आल्यावर या विषयावर मी बरंच वाचलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात घरी पाठवलेल्या ४०० रुग्णांचा पाठपुरावा केला होता. घरी गेल्यावर जवळजवळ पाचातल्या एकाला उपचारांशी संबंधित काही ना काही इजा झाली होती, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा औषधांचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तो टप्पा मुख्य धोक्यांमध्ये धरला. हे वाचताना मला ती ट्रॉली आणि तिच्यावर मांडलेल्या पट्ट्याच दिसत होत्या.

कूस बदलायला तुम्ही कसं शिकवलंत ते भाऊ आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवतो. बाबांचा उजवा हात छातीवर घ्यायचा. उजवा गुडघा दुमडून पाऊल गादीवर टेकवायचं. मग त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून एक हात खांद्यामागे, एक हात खुब्यावर, आणि त्यांना सांगून, तीन म्हणताच, आपल्याकडे वळवायचं. ओढायचं नाही. लुळा हात धरून तर कधीच ओढायचं नाही, खांदा निखळतो. पाठीमागे उशी अशी लावायची की शरीर साधारण तीस अंशांत कलेल, पूर्ण कुशीवर नको, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली आणखी एक, म्हणजे टाचा हवेत राहतात. दर दोन तासांनी हे करायचं, आणि दर वेळी माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं बघायची. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडायचं. पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर ठीक. दाबूनही लालच राहिलं तर बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजायची, त्या बाजूवर झोपवायचं नाही आणि चोळायचंही नाही. चोळल्याने रक्त फिरतं असं आईला वाटायचं. तुम्ही तिला तिथेच समजावलंत की आतली कातडी आधीच दुखावलेली असते, चोळून ती जास्त बिघडते.

भावाने हे सगळं नीट बघितलं आणि "कळलं" म्हणाला. तुम्ही दोन पावलं मागे सरलात. "आता तुम्ही करा, मी बघते. ही तुमची परीक्षा नाही हं. मी नीट शिकवलं की नाही, ते मला बघायचंय." त्या एका वाक्याने त्याच्या खांद्यावरचा ताण उतरला. तो चाचरला तेव्हा तुम्ही पुढे होऊन स्वतः केलं नाहीत, थांबलात. कामाच्या धबडग्यात असं थांबणं किती अवघड असतं ते मी वॉर्डात बसून पाहिलंय. त्याच वेळी तुम्हाला तीन बेडवरून हाका येत होत्या.

आणि मग तो दिवस. राउंडला डॉक्टर म्हणाले, उद्या घरी जाऊ शकता. आम्हाला आनंद झाला होता. तुम्ही त्यांना सांगितलंत, "या मुलांच्या आईंनी नळीतून फीड, म्हणजे पातळ आहार, अजून स्वतःच्या हाताने दिलेलं नाही. दुपारी घरात त्या एकट्याच असतात. मला आणखी एक दिवस द्या." बेडची गरज असते, फाइल तयार असते, नातेवाइकांनाही घरची ओढ असते. अशा वेळी ज्येष्ठ डॉक्टरांसमोर एवढं बोलायला धैर्य लागतं. डॉक्टरांचेही आभार, त्यांनी लगेच मान्य केलं. त्या वाढीव दिवसात आईने तुमच्यासमोर तिन्ही वेळा फीड दिलं. नाकपुडीपाशी नळीवरची खूण जागेवर आहे का ते बघायचं, नळी पोटातच आहे ना हे कळावं म्हणून पोटातला रस ओढून तपासणीच्या कागदी पट्टीवर पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, साडेपाच किंवा त्याच्या खाली आहे याची खात्री करायची, डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उचलायची, फीड आपल्या वजनाने हळूहळू उतरू द्यायचं, नंतरही किमान अर्धा तास आडवं करायचं नाही. मध्येच खोकला आला, चेहरा निळसर वाटला, श्वास घुरघुरला तर तिथल्या तिथे थांबायचं. पहिल्या वेळी आईचे हात थरथरत होते. तिसऱ्या वेळी तीच मला सांगत होती की पलंग अजून थोडा वर घे.

तुम्ही हाताने लिहून दिलेला कागद अजून कपाटावर चिकटवलेला आहे. कशासाठी वॉर्डात फोन करायचा, कशासाठी त्याच दिवशी दाखवायला आणायचं आणि कशासाठी काही न विचारता अँब्युलन्स बोलवायची, असे त्याचे तीन भाग. युरिन बॅग कायम पोटाच्या पातळीखाली ठेवायची पण जमिनीला टेकवायची नाही, लघवी गढूळ झाली किंवा थांबली तर कळवायचं, अशा साध्या गोष्टीही त्यात आहेत. शेवटच्या भागात तोंड वाकडं होणं, हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं ही स्ट्रोकची लक्षणं लिहून खाली तुम्ही रेघ मारली होतीत: "शेवटचे नीट कधी होते, ती वेळ लिहून आणा." गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि ते तास त्या वेळेपासून मोजतात, हे कारणही सांगितलंत. कारण कळलं की माणूस विसरत नाही.

घरी गेल्यावर तुमचा फोन आला. "सगळं ठीक ना?" असं तुम्ही विचारलं नाहीत. त्याला कुणीही "हो" म्हणतं. तुम्ही विचारलंत, "रात्री दोननंतर कूस कुणी बदलली? टाचा आज कशा दिसतायत? कुठली गोळी संपत आलीय?" आणि शेवटी, "तुमची झोप होतेय का?" या शेवटच्या प्रश्नावर मला बोलता येईना. तुम्ही घाई केली नाहीत. मग म्हणालात, पाठ आणि झोप सांभाळा, पेशंटला उचलताना गुडघ्यात वाका, आणि रात्रीच्या पाळ्या आजच ठरवा. आम्ही त्याच रात्री ठरवल्या.

या सगळ्यात तुम्ही बाबांना वगळलं नाहीत, याचं मला सर्वांत जास्त अप्रूप आहे. त्यांना बोलता येत नव्हतं म्हणून लोक आमच्याशीच बोलायचे, त्यांच्या डोक्यावरून. तुम्ही मात्र पलंगाच्या कडेला त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, हो असेल तर डावा अंगठा वर करा, असं सांगून विचारायचात. घरी गेल्यावर आधी काय स्वतःच्या हाताने करायचंय? तुम्ही एकेक गोष्ट सांगत गेलात आणि अंगठा वर झाला तो दाढीला. आम्हाला हे सुचलंही नसतं. रक्त पातळ करणारी गोळी आहे तेव्हा ब्लेड नको, इलेक्ट्रिक रेझर आणा, एवढं सांगून तुम्ही तेही यादीत लिहिलंत. आज ते डाव्या हाताने दाढी करतात. हनुवटीखाली थोडी राहते, ती ते आम्हाला करू देत नाहीत.

कॅथेटर निघाला आहे. स्पीच थेरपिस्टने गिळण्याची तपासणी करून नळीही काढली, आता घट्टसर केलेलं द्रव चमच्याने घेतात. काठी आणि आधार घेऊन बाथरूमपर्यंत जातात. बेडसोर झाला नाही. पुन्हा भरती करावं लागलं नाही.

हे पत्र हॉस्पिटलच्या व्यवस्थापनातलं कुणी वाचत असेल तर त्यांना एक कळकळीची विनंती. सिस्टरांनी आम्हाला दिलेला बराचसा वेळ ड्युटी संपल्यानंतरचा होता. कपडे बदलून, पर्स खांद्याला लावून त्या परत वॉर्डात यायच्या. हे काम एखाद्या नर्सच्या चांगुलपणावर सोडू नका. ड्युटीच्या तक्त्यात त्यासाठी वेळ धरा, त्यासाठी माणूस नेमा, आणि घरच्यांनी काय काय स्वतः करून दाखवलं याचा एक रकाना डिस्चार्जच्या कागदात छापा.

आणि सिस्टर, तुमच्या वॉर्डात स्ट्रोकचा पेशंट घरी न्यायला घाबरलेलं कुणी असेल, तर त्यांना माझा नंबर जरूर द्या. तो तुमच्याकडे आहेच. भाऊ आणि मी त्यांच्या घरी जाऊन कूस बदलायला शिकवू, आई फीडचं दाखवेल. तिला आधी विचारूनच हे लिहितेय.

मनापासून आभार.

तुमची,
खिडकीजवळच्या बेडवरच्या बाबांची मुलगी