चार्जरची किल्ली गावातच ठेवा

मा. संपादक महोदय,

मी गोव्याच्या वीज खात्यात एकतीस वर्षे लाइनमन होतो, आता निवृत्त. दोन वर्षांमागे टाटाची जुनी नेक्सॉन गाडी घेतली, विजेवरची. 2020 साली बाजारात आली तेव्हाचे ते पहिले मॉडेल. बॅटरी 30.2 युनिटची, कागदावरची धाव 312 किलोमीटर. कागदावरची म्हणतो, कारण एसी लावून, घरची माणसे आणि बोजे भरून निघालो की माझी गाडी दोनशेच्या आसपास थकते. डिचोली-पणजी-म्हापशाला एवढे पुरून उरते. रात्री अंगणातल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटला लावायची, सकाळी काढायची.

गेल्या मे महिन्यात मुलीकडे पुण्याला जायचे ठरले. शेजारी कुंपणावरून विचारतो, "घाटार व्हरता? वाटेंत सोंपली जाल्यार कोण धुकलतलो?" (घाटावर नेता? वाटेत संपली तर कोण ढकलणार?) मी त्याला आकडेमोड करून दाखवली. गाडी, आम्ही चौघे आणि मानकुराद आंब्यांची पेटी मिळून सतराशे किलो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर. एवढे वजन तेवढे वर उचलायला तीन युनिटच्या थोडी वर वीज लागते. मोटरचे आणि तारांचे नुकसान धरले तर चार. म्हणजे नुसत्या चढाला बॅटरीतले तेरा टक्के, रस्ता कापण्याचे वेगळे. शेजाऱ्याला ते पटले की नाही कोण जाणे. मला पटले होते.

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी करत आंबोली चढलो. आकडे बरोबर येत होते. घाट चढून पठारावर आल्यावर एका हॉटेलच्या आवारात जलद चार्जर असल्याचे फोनवरच्या नकाशात दिसत होते, हिरव्या खुणेसकट. त्याच्याच भरवशावर निघालो होतो. पोचलो तर यंत्र उभे, पडदा काळा. आणीबाणीत यंत्र बंद करायचे तांबडे बटण कोणी दाबून ठेवले असेल म्हणून ते फिरवून पाहिले. काही नाही. यंत्राला कान लावला तर आतला पंखाही घुमत नव्हता. बाजूच्या पेटीतला एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा खटका, पडला असावा, असा माझा अंदाज. खटका वर करायचे काम, अर्ध्या मिनिटाचे. पण पेटीला कुलूप. हॉटेलवाल्याला विचारले तर तो म्हणाला, जागा तेवढी आमची, यंत्र कंपनीचे. कंपनीच्या मदत क्रमांकावर अकरा मिनिटे गाणे ऐकले. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, किल्ली आमच्या पुण्याच्या टीमकडे आहे. तक्रार नोंदवली आहे, 48 तासांत माणूस येईल."

संपादक महोदय, मला पुण्यालाच तर जायचे होते.

आजऱ्यापर्यंत हळूहळू, एसी बंद करून आलो. तिथे 44 टक्के उरले. पुढे कोल्हापूर ऐंशी-नव्वद किलोमीटर. कसेबसे पोचलोही असतो, पण "कसेबसे" या शब्दावर बायकोला गाडीत बसवायचे धाडस मला नाही. रस्त्याकडेच्या एका खानावळीशी थांबलो. मालकीणबाईंना म्हटले, "मावशी, जेवायला चौघे आहोत, पण आधी एक प्लग पाहिजे. जे काय युनिट होतील त्याचे पैसे देतो." त्या हसायला लागल्या. "लोक मोबाईल लावाय मागत्यात, गाडी पयल्यांदाच. लावा की."

फ्रीजचा सॉकेट मोकळा करून दिला. आमची वायर लावली तर तांबडा दिवा. विजेच्या गाडीचा चार्जर अर्थिंग, म्हणजे विजेची जमिनीशी जोडणी, तपासल्याशिवाय एक युनिट आत घेत नाही, आणि ते योग्यच आहे. सवयीने डिकीत होल्डरला दोन वायरी जोडलेला दिवा ठेवतो. (हा प्रयोग घरी कोणी करू नये.) फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला तर लख्ख. फेज आणि अर्थमध्ये धरला तर विडीच्या टोकाएवढी लाली. म्हणजे वायर होती, जमीन लागत नव्हती. मावशींना विचारले, अर्थिंगचा खड्डा कुठे? त्यांना ठाऊक नव्हते. घराला वळसा घातला तर स्वयंपाकघरामागे, जळणाच्या ढिगाखाली, नळीचे तोंड सापडले. मेमधली सुकी माती, भेगा पडलेल्या, कोंबड्यांनी उकरलेली. कोळसा-मिठाचा खड्डा ओला असेल तरच काम करतो, हे नव्या पोरांना शिकवता शिकवता माझी नोकरी संपली. माझ्या भावाने आणि पुतण्याने जळण बाजूला केले. मावशींनी दोन मुठी खडे मीठ दिले आणि तांदूळ धुतलेल्या पाण्याची बादली. ती ओतली, मग विहिरीच्या आणखी दोन. दहा मिनिटे थांबलो. पुन्हा दिवा धरला, लख्ख. वायर लावली, हिरवा.

तीन तास लागले. तोवर मटणाचे ताट झाले, पुतण्याची झोप झाली, पेटीतले आंबे उकाड्याने अर्धे पिकून गाडीभर वास सुटला. गाडीवर 72 टक्के आले. मावशी विजेचे पैसे घेईनात, म्हणून त्यांच्याकडूनच पाच किलो आजरा घनसाळ तांदूळ विकत घेतला. निघताना म्हणाल्या, "काका, त्या खड्ड्यात पाणी रोज ओतू का?" म्हटले, उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली ओता, पावसाळ्यात तो देव बघेल.

कोल्हापूरहून पुढचा हमरस्ता सोपा. चार्जर पुष्कळ आहेत. ऐंशी टक्क्यांनंतर ते हळू भरतात, तेव्हा ऐंशीला काढून निघावे आणि पुढे पुन्हा थोडे घ्यावे. एका ठिकाणी चार्जरच्या जागेत डिझेलची गाडी लावून मालक मिसळ खायला बसले होते. त्यांना उठवताना जो संवाद झाला तो छापण्यासारखा नाही. परतीच्या वाटेवर मात्र मजा झाली. घाटमाथ्यावर 34 टक्के होते, दाणोलीला उतरलो तेव्हा 37. उतारावर मोटरच जनरेटर होते आणि चाकांकडून वीज परत घेते. माथ्यावर बॅटरी काठोकाठ भरून घेतली तर ही कमाई ठेवायला जागाच राहत नाही. हे घाट उतरून गोव्यात येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पत्र लिहायचे कारण हे. गोव्यात पर्यटकांसाठी भाड्याने द्यायच्या नव्या गाड्या जानेवारी 2024 पासून विजेवरच्याच घ्याव्यात, अशी घोषणा मुख्यमंत्र्यांनी 2023 मध्ये केली होती. कदंब परिवहन महामंडळाच्या विजेवरच्या बसेसही धावतात. चांगले आहे, मी विरोधात नाही. पण चार्जर किती बसवले याच्याच बातम्या येतात, त्यांतले आज किती चालू, हे कोणी सांगत नाही. पेट्रोल पंपावर एक माणूस असतो. नळी अडकली तर तो धक्का देतो, मशीन बंद असेल तर लांबूनच हात हलवून "पुढे जा" सांगतो. चार्जरजवळ कोणीही नसते.

माझी सूचना साधी आहे. चोर्ला, अनमोड, आंबोली या तिन्ही घाटांच्या वाटेवर आणि आपल्या सीमेच्या आत जिथे जिथे चार्जर असेल, तिथे पेटीची एक किल्ली त्याच गावात ठेवा. पंचायतीत, वीज खात्याच्या कार्यालयात, नाहीतर आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन घरी बसलेल्या एखाद्या मुलाकडे. त्याला महिन्याला थोडे मानधन द्या. एमसीबी वर करणे, अर्थिंगला पाणी घालणे, जागा अडवणाऱ्याला हाकलणे, आणि यंत्र खरेच बंद असेल तर नकाशावरची हिरवी खूण काढायला लावणे, एवढेच काम. जिथे माणूस मिळणार नाही, तिथे नुसता फळा टांगून "बंद आहे" असे खडूने लिहिले तरी माझ्यासारख्याचे तीन तास वाचतील.

डिचोली ते दोडामार्ग पट्ट्यात कोणी किल्ली ठेवायला तयार नसेल तर माझ्याकडे द्यावी. मानधन नको. टेस्टर अजून खिशातच असतो.

— एक निवृत्त लाइनमन, डिचोली