लेबल प्रिंटरच्या लिनक्स ड्रायव्हरबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ड्रायव्हरच्या पॅकेजवर चुकीचं आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) लिहिल्याबाबत

महोदय,

पुण्यात अप्पा बळवंत चौकात माझं शालेय पुस्तकांचं दुकान आहे. किमतीची आणि बारकोडची लेबलं छापायला आपला थर्मल प्रिंटर घेतला, तो खोक्यावर ‘लिनक्स सपोर्टेड’ छापलेलं पाहूनच. बिलिंगला माझ्याकडे रास्पबेरी पाय 5 हा एआरएम प्रोसेसरचा छोटा संगणक आहे, त्यावर 64-बिट रास्पबेरी पाय ओएस (डेबियन या लिनक्सवर बेतलेली). प्रिंटरनं आजवर एकही लेबल छापलेलं नाही, आणि ऐन शाळा उघडायच्या तोंडावर मी किमती बॉलपेननं लिहितोय.

प्रिंटर बिघडलेला नाही. दुकानातल्या इंटेलच्या जुन्या लॅपटॉपला जोडला की व्यवस्थित छापतो. खोट आपल्या डेब फाइलमध्ये, म्हणजे ड्रायव्हरच्या इन्स्टॉल करायच्या पॅकेजमध्ये आहे. डेबियनच्या पॅकेजच्या कंट्रोल फाइलमध्ये (पॅकेजची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) ‘आर्किटेक्चर’ नावाची ओळ असते. इंटेल-एएमडीच्या 64-बिट मशिनसाठी तिथे एएमडी64 लिहितात, माझ्या पायसाठी एआरएम64, 32-बिट पाय ओएससाठी एआरएमएचएफ. ज्या मालाला प्रोसेसरशी देणंघेणं नाही, म्हणजे फॉन्ट, माहितीपत्रकं, स्क्रिप्ट, त्यावर ‘ऑल’. लोहित देवनागरी फॉन्टचं पॅकेज ‘ऑल’ आहे आणि ते योग्यच आहे. आपण ड्रायव्हरवरही ‘ऑल’ लिहिलंय. आत मात्र कप्सचा (लिनक्सच्या छपाई यंत्रणेचा) फिल्टर आहे, म्हणजे मजकूर प्रिंटरच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, आणि तो एकाच प्रकारच्या प्रोसेसरसाठी कंपाइल केलेला आहे. त्यावर ‘फाइल’ कमांड चालवली की उत्तर येतं: ईएलएफ 64-बिट, एक्स86-64, म्हणजे इंटेल-एएमडीसाठीचा प्रोग्राम. मी दहावीच्या पुस्तकावर ‘सर्व इयत्तांसाठी’ असा शिक्का मारला तर पालक मला काउंटरवर उभं राहू देणार नाहीत.

खरं लिहिलं असतं, तर आर्किटेक्चर जुळत नाही म्हणून डीपीकेजीनं (पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामनं) पॅकेज दारातच अडवलं असतं आणि मी प्रिंटर त्याच दिवशी परत केला असता. ‘ऑल’मुळे इन्स्टॉल बिनबोभाट झालं, प्रिंटर यादीत दिसला, आणि छपाईला दिलं की ‘फिल्टर फेल्ड’. तो फिल्टर टर्मिनलवरून थेट चालवला, तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’, म्हणजे हा प्रोग्राम या प्रोसेसरचा नाही.

आपल्या हेल्पलाइननं आधी केबल बदलायला सांगितली. बदलली. (केबलला इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे प्रोसेसरची आज्ञांची भाषा, नसतो, पण असो.) मग सल्ला मिळाला की ‘ॲड-आर्किटेक्चर’ देऊन एएमडी64 जोडा, म्हणजे एएमडी64 ची पॅकेजंही घ्यायची परवानगी डीपीकेजीला द्या. एकाच मशिनवर अनेक आर्किटेक्चरची पॅकेजं बसवायची ही मल्टिआर्कची सोय डेबियनमध्ये 2013 च्या आवृत्ती 7 पासून आहे. इंटेलच्या 64-बिट मशिनवर 32-बिटच्या आय386 लायब्ररी शेजारी शेजारी बसवता येतात त्या तिच्यामुळे, आणि त्या चालतात कारण त्या प्रोसेसरला दोन्ही कळतात. पायमधल्या एआरएम प्रोसेसरला एक्स86 कळत नाही. तिथे क्यूईएमयूसारखा एम्युलेटरच (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) लागेल. शिवाय आपल्या पॅकेजवर ‘ऑल’ असल्यानं त्याला कुणी अडवलंच नव्हतं. मग ही परवानगी कशासाठी?

पॅकेज बाहेर सोडण्यापूर्वी ते कुणी तपासलेलं दिसत नाही. डेबियनचं लिंटियन हे पॅकेज तपासायचं मोफत साधन अशी चूक लगेच दाखवतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सकडे ‘ऑल’ला ‘नोआर्क’ म्हणतात. तिथे नोआर्क पॅकेजात बायनरी (कंपाइल केलेला प्रोग्राम) सापडली तर आरपीएमबिल्ड हे पॅकेज बांधायचं साधन मुळात पॅकेजच तयार होऊ देत नाही.

माझी मागणी अशी: हा फिल्टर एआरएम64 साठी कंपाइल करून त्याचं वेगळं पॅकेज द्या, जमल्यास एआरएमएचएफसाठीही. सध्याच्या पॅकेजवर एएमडी64 लिहा आणि खोक्यावर ‘लिनक्स, फक्त एक्स86-64’ असं स्पष्ट छापा. एआरएमचं पॅकेज देणार नसाल तर प्रिंटर परत घेऊन पूर्ण रक्कम द्या. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. उत्तर कृपया ज्यानं हे पॅकेज बांधलं त्याच्याकडून यावं. केबलवर माझं बोलून झालं आहे.

आपला,
एक पुस्तक विक्रेता
अप्पा बळवंत चौक, पुणे

सोबत: बिलाची प्रत, खोक्याचा फोटो, पॅकेजच्या कंट्रोल फाइलची आणि ‘फाइल’ कमांडच्या उत्तराची छापील प्रत (दुसऱ्या प्रिंटरवर काढलेली)